हक, जिम आणि ४० डॉलर : वाचनकट्ट्यावर ‘हकलबरी फिन’ कसं घ्यावं

मार्क ट्वेनचं ‘हकलबरी फिन’ अनेकांनी शाळेत असताना वाचलेलं असतं, तेही संक्षिप्त आवृत्तीत. त्यामुळे कट्ट्यावर हे पुस्तक घ्यायचं ठरलं की निम्मे लोक म्हणतात, “ते तराफ्यावरच्या पोराचं ना? झालंय वाचून.” त्यांना नदी आठवते, हकच्या थापा आठवतात. पळालेला गुलाम जिम आठवतो तो हकच्या सोबतीला असलेला कुणीतरी म्हणून. गुलामगिरीवरची कादंबरी म्हणून ती वाचायची असेल, तर आधी ही जुनी आठवण बाजूला सारावी लागते. इथे दिलेली पद्धत दहा ते चौदा वाचकांसाठी आणि चार बैठकांसाठी आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयाच्या एखाद्या खोलीत ती आरामात बसते.

पुस्तक निवडताना दोन खुणा

पूर्ण कादंबरीत ४३ प्रकरणं आहेत. हातातल्या मराठी अनुवादात ती कमी भरली, तर तो संक्षेप समजावा. प्रकरणांची संख्या बदललेली असली तरी दोन जागा उघडून पाहा. धुक्याच्या रात्रीनंतर हकला जिमची माफी मागायला पंधरा मिनिटं लागतात, हे वाक्य आहे का? आणि जिम विकला गेल्यावर हक एक पत्र लिहून ते फाडतो, तो प्रसंग मनातल्या झगड्यासकट आहे का? या दोन्ही जागा नसतील तर ते पुस्तक मुलांना द्या, कट्ट्यावर आणू नका. मूळ इंग्रजी पाठ ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर फुकट मिळतो. ट्वेन १९१० मध्ये वारला, त्यामुळे प्रताधिकाराचा प्रश्न उरलेला नाही. एकाने तरी इंग्रजी प्रत फोनवर उघडून बसावं, अनुवाद अडला की कामी येते.

नववीच्या पुढची मुलं आली तर चालतील. त्याहून लहान मुलांना शेवटची दहा प्रकरणं नुसती गंमत वाटतात, आणि ती का गंमत नाहीत हे समजावण्यात सगळी बैठक जाते.

बैठका दर पंधरा दिवसांनी, प्रत्येकी दोन तासांच्या ठेवाव्यात. रोज एक प्रकरण वाचलं तरी वेळेत होतं. ऐरोली, वाशी, नेरूळकडची मंडळी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येणार असतील तर रविवार दुपार टाळा. मेगाब्लॉकच्या दिवशी निम्मी खोली रिकामी राहते. शनिवारी संध्याकाळी पाच ही बरी वेळ.

पणाची वही

या पद्धतीचा कणा म्हणजे एक साधी शंभर पानी वही, प्रत्येकाची वेगळी. डावं पान हकचं, उजवं जिमचं. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगापुढे एकच प्रश्न लिहायचा : आत्ता सापडले असते तर याचं काय गेलं असतं? कुणाला काय वाटलं, कोण चांगलं वागलं, हे वहीत नको. त्यावर बोलता येतं. वहीत फक्त पणाला काय लागलं तेवढंच.

याची गरज का पडते? गोष्ट हक सांगतो. त्याची भीती, त्याची टोचणी, त्याचा निर्णय सगळं त्याच्याच तोंडून ऐकू येतं, म्हणून शूर तोच वाटतो. जिम काय धोका पत्करतो ते ओळींच्या मागे राहतं, कारण ते सांगणारा एक तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आहे आणि गुलामाला घरदार, मन, योजना असतात हे त्याला अजून कळायचं आहे. आठव्या प्रकरणात, जॅक्सन बेटावर, हक जिमला शब्द देतो की तुझं नाव सांगणार नाही. डाव्या पानावर येतं : लोक तोंडावर थुंकतील, गुलामांना पळवणारा म्हणतील. उजव्या पानावर : चाबूक, न्यू ऑर्लिन्सचा बाजार, बायकोमुलांची कायमची ताटातूट. चौथ्या बैठकीपर्यंत उजवं पान किती भरतं ते ज्याचं त्याने पाहावं.

पहिली बैठक : प्रकरण १ ते ११

सुरुवातीची दहा मिनिटं काळ आणि नकाशा. कादंबरी इंग्लंडमध्ये डिसेंबर १८८४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये आली. गोष्ट मात्र त्याआधीच्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, म्हणजे साधारण १८३५ ते १८४५ ची. मध्ये १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली होती. म्हणून १८८५ चा वाचक जाणतो की जिम बरोबर आहे. हक ते जाणत नाही. हे अंतर ध्यानात नसेल तर पुढचं एकही प्रकरण नीट लागत नाही. इथेच सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट : जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची आहे, आणि तिची अर्पणपत्रिका गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांसाठी आहे. हा विषय मराठीत या कादंबरीच्या अकरा वर्षं आधी आलेला आहे.

नकाशा फळ्यावर काढा. वरून खाली मिसिसिपी, डावीकडे मिसुरी, उजवीकडे इलिनॉय, थोडं खाली उजवीकडून येऊन मिळणारी ओहायो नदी, आणि त्या संगमावर कैरो गाव. मिसुरीत गुलामगिरी कायदेशीर, इलिनॉयमध्ये नाही. मग कुणीतरी विचारतंच : नदी ओलांडून समोर का जात नाहीत? उत्तर अकराव्या प्रकरणात आहे. हक मुलीच्या वेषात ज्या बाईच्या घरी जातो, तिचाच नवरा ३०० डॉलरच्या बक्षिसासाठी जिमला धरायला निघालेला आहे. समोरचा काठ कागदावर मोकळा, पण तिथेही माणूस पकडून परत पाठवत. म्हणून बेत असा की कैरोपर्यंत वाहत जायचं, तिथून आगबोटीने ओहायोवर उत्तरेकडे निघून जायचं.

ठाण्याच्या वाचकाला नदी समजावताना एक घोटाळा हमखास होतो. आपल्या डोळ्यापुढे खाडी असते. भरतीला पाणी वर चढतं, ओहोटीला उतरतं, कळव्याच्या किंवा वाशीच्या पुलावरून रोज दिसतं. त्यामुळे “चुकले तर मागे फिरतील” असं मनात राहतं. मिसिसिपीला इथे भरती-ओहोटी नाही. पाणी एकाच बाजूला, दक्षिणेला, ताशी चार मैलांहून जास्त वेगाने जातं. तराफा प्रवाहाविरुद्ध चालत नाही. कैरो हुकलं की प्रत्येक रात्र जिमला मळ्यांच्या, लिलावांच्या मुलुखात आणखी खोल नेते. हे पहिल्याच बैठकीत ठसवलं नाही, तर पुढची प्रकरणं सहलीसारखी वाचली जातात.

तराफ्याचं मापही जमिनीवर काढून पाहा. बारा फूट रुंद, पंधरा-सोळा फूट लांब, पाण्यावर सहा-सात इंच. खडूने किंवा चिकटपट्टीने चौकोन आखा आणि दोघांना त्यात बसवून पहिली पंधरा मिनिटं वाचायला लावा. आपल्याकडच्या बेडरूमपेक्षा ती जागा फार मोठी नाही. एवढ्या जागेत महिनोन्‌महिने एकमेकांपासून काही लपत नाही.

अकराव्या प्रकरणाचा शेवट मोठ्याने वाचा. हक बेटावर धावत येतो, झोपलेल्या जिमला उठवतो आणि सांगतो की ते आपल्या मागावर आहेत. हकच्या मागावर कुणीही नाही. गावाच्या लेखी तो मेलेला आहे, डुकराचं रक्त सांडून त्यानेच तसं भासवलं आहे. शोध एकट्या जिमचा आहे. इंग्रजीतला तो छोटा शब्द मराठीत ‘आपल्या’ असाच यायला हवा. आपली भाषा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळं ठेवते, हे तिचं बळ आहे. अनुवादात ‘तुझ्या मागावर’ किंवा ‘लोक शोधत आहेत’ असं असेल तर पेन्सिलीने दुरुस्त करा. मैत्रीची सुरुवात या एका शब्दात आहे.

कोणी कसं वाचायचं, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. ट्वेनने पुस्तकाच्या सुरुवातीलाच बजावलं आहे की त्याने अनेक वेगवेगळ्या बोली वापरल्या आहेत, म्हणजे गोऱ्यांच्याही आणि काळ्यांच्याही. मराठीत मोठ्याने वाचताना मात्र लोक हकला पुस्तकी मराठी देतात आणि जिमला आगरी किंवा मालवणी हेल काढून वाचतात. हसू येतं, आणि जिम तिथल्या तिथे विदूषक होतो. वर आगरी ही या खाडीकाठची घरची भाषा आहे. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी आजीची. असं होऊ देऊ नका. दोघांनाही साधी, बोलती मराठी द्या, किंवा दोघांनाही बोली द्या.

दुसरा प्रश्न शिवीचा. मूळ पुस्तकात काळ्या माणसांसाठीचा एक अत्यंत हीन शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. मराठी अनुवादात तो ‘गुलाम’ किंवा ‘काळा’ होतो आणि त्यातलं विष उतरतं. तो शब्द मोठ्याने म्हणायची गरज नाही. पण पहिल्या बैठकीत सांगून ठेवा की जातिवाचक शिवी जशी असते, तसा तो आहे, आणि तो फक्त दुष्ट पात्रांच्या नाही तर सज्जन, देवभोळ्या, प्रेमळ बायकांच्याही तोंडी सहज येतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

मग कुणीतरी जातीची तुलना काढेल. काढू द्या, पण दुसऱ्या बैठकीनंतर. आधी फरक मांडा : जिम कायद्याने मालमत्ता आहे. त्याची किंमत ठरलेली आहे, ८०० डॉलर. त्याची मुलं दुसऱ्या मालकाची आहेत. हे समजल्यावर तुलना केली तर ती उपयोगी पडते, आधी केली तर दोन्ही गोष्टी पुसट होतात.

दुसरी बैठक : प्रकरण १२ ते १८

इथे घाई करू नका. दोन तासांतला दीड तास पंधराव्या आणि सोळाव्या प्रकरणाला द्या. जहागीरदारांच्या दोन घराण्यांमधल्या वैराला पंधरा मिनिटं पुरतात.

धुक्यात दोघांची ताटातूट होते. हक परत येतो तेव्हा जिम रडून दमून झोपलेला असतो. हक त्याला पटवतो की ते सगळं स्वप्न होतं. जिम बिचारा स्वप्नाचा अर्थ लावत बसतो, आणि मग त्याला तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडलेलं वल्हं दिसतं. तो जे बोलतो त्याचा मथितार्थ असा की हा सगळा कचरा आहे, आणि मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला लाजवणारा माणूसही कचराच. एवढं बोलून तो आत निघून जातो. एका गुलामाने गोऱ्या मुलाला हे तोंडावर सांगणं म्हणजे काय, हे उजव्या पानावर लिहून घ्या. हा कादंबरीतला पहिला मोठा धाडसाचा क्षण आहे, आणि तो जिमचा आहे.

वाचन इथे थांबवा आणि चहाची सुट्टी द्या, घड्याळ लावून पंधरा मिनिटांची. लोक परतले की पुढचं वाक्य वाचा. हकला माफी मागायला एवढाच वेळ लागला. आकडा कानाने ऐकणं आणि तेवढा वेळ अंगावरून जाऊ देणं यात फार फरक पडतो.

सोळाव्या प्रकरणात जिम सांगतो की मोकळा झालो की पैसे साठवून बायकोला विकत घेईन, मग दोघं मिळून दोन्ही मुलांना सोडवू, आणि मालकाने विकली नाहीत तर कुणाला तरी ती पळवून आणायला सांगू. हक हादरतो. ती मुलं ज्याची आहेत त्या माणसाने आपलं काय वाकडं केलंय, असं त्याला वाटतं. वाचणारे इथे हकवर चिडतात. चिडू द्या, पण विचारा : त्याला असा विचार करायला शिकवलं कुणी? शाळेने, चर्चने आणि कायद्याने. त्याची सदसद्विवेकबुद्धीच चुकीची घडवलेली आहे. तो जिमला पकडून द्यायला होडी घेऊन निघतो ते वाईटपणाने नाही, चांगलं वागायचं म्हणून.

वाटेत पाच पळालेल्या गुलामांना शोधणारे दोन बंदूकवाले भेटतात. तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, विचारतात. हक म्हणतो, गोरा. मग तो आजारी बापाची अशी काही थाप मारतो की त्यांना देवीची साथ असल्याचा संशय येतो, आणि ते प्रत्येकी वीस डॉलरचं सोन्याचं नाणं फळकुटावर ठेवून सटकतात. परत आल्यावर कळतं की जिम तेवढा वेळ मागच्या वल्ह्याखाली पाण्यात होता, नाक तेवढं बाहेर ठेवून. म्हणजे एकाच वेळी दोघं धोक्यात होते आणि हकने आपल्याला फक्त होडीतला भाग दाखवला होता. वहीची दोन्ही पानं इथे एकदम भरतात.

फळ्याच्या कोपऱ्यात ४० हा आकडा लिहून ठेवा. शेवटपर्यंत पुसू नका.

तिसरी बैठक : प्रकरण १९ ते ३१

तराफ्यावर ‘राजा’ आणि ‘ड्यूक’ म्हणवणारे दोन भामटे येतात, आणि बरेच गट त्यांच्या नाटकांत रमतात. ती प्रकरणं घरी वाचून यायला सांगा. बैठकीत एकच गोष्ट विचारा : या सगळ्या वेळात जिम कुठे आहे? कधी दोरीने बांधलेला, कधी अंगाला निळा रंग फासून ‘आजारी अरब’ म्हणून तराफ्यावरच्या झोपडीत ठेवलेला. विनोदी प्रकरणांतही उजवं पान कोरं राहत नाही.

तेविसावं प्रकरण मात्र नीट वाचा. जिम हकची पहाऱ्याची पाळी आली तरी त्याला उठवत नाही. पहाटे तो आपल्या छोट्या मुलीची आठवण काढून कण्हत असतो. चार वर्षांची एलिझाबेथ ऐकत नाही म्हणून त्याने तिला थप्पड मारली होती, आणि मग कळलं की तापाने ती बहिरी झाली आहे. हे वाचायला गटातल्या सगळ्यात शांत आवाजाच्या माणसाला द्या.

एकतिसाव्या प्रकरणाला शेवटचा पाऊण तास राखा. राजाने जिमवरचा आपला हक्क विकून टाकला आहे, चाळीस डॉलरना. फळ्याकडे बोट दाखवा. आता सगळ्यांना कागद द्या आणि जिमची मालकीण मिस वॉटसनला दोन ओळींचं पत्र लिहायला सांगा : तुमचा पळालेला जिम अमुक ठिकाणी आहे, बक्षीस पाठवा, तो परत मिळेल. सही हक फिन. कागद हातात ठेवूनच पुढचं वाचायचं. पत्र लिहिल्यावर हकला पापातून सुटल्यासारखं हलकं वाटतं. मग त्याला जिम आठवतो, स्वतःची पाळी संपली तरी पहारा देणारा, धुक्यातून परत आल्यावर आनंदलेला. तो ठरवतो की नरकात जावं लागलं तरी चालेल, आणि पत्र फाडतो. इथेच सगळ्यांनी आपापला कागद फाडावा, न बोलता.

यावर चर्चा करताना एक चूक होते. आपण म्हणतो, हकला शेवटी खरं पटलं. नाही. त्याला अजूनही वाटतं की तो पाप करतो आहे. त्याचा नरकावर खरा विश्वास आहे. ती बोलण्याची तऱ्हा नव्हे. स्वतःच्याच मनाचा कौल विरुद्ध असताना तो मित्राची बाजू घेतो. डाव्या पानावर इथे पहिल्यांदा एवढी मोठी नोंद होते. वही पुढे ठेवून बोला, म्हणजे ‘मानवतेचा विजय’ वगैरे शब्दांत चर्चा वाहून जात नाही.

वेळ उरला तर संबोधनांवर बोला. जिम मोठा, लेकुरवाळा माणूस. मराठीत तो हकला ‘पोरा’ म्हणेल, ‘तू’ म्हणेल. हक त्याला काय म्हणेल? घरच्या वयस्कर गड्याला मुलांनी ‘तू’ म्हणणं आपल्याला अजिबात अनोळखी नाही. कुठल्या प्रकरणात हकच्या तोंडी ‘तुम्ही’ शोभेल, की कुठेच नाही? इंग्रजीत हा प्रश्न दिसतच नाही.

चौथी बैठक : प्रकरण ३२ ते शेवट

बरेच वाचक इथे पुस्तक मिटतात. हकचा मित्र टॉम सॉयर येतो, आणि फेल्प्स नावाच्या शेतकऱ्याच्या खोपटात कोंडलेल्या जिमला सोडवण्याऐवजी साप, उंदीर, कोळी, ‘पाय’ (pie) या पदार्थात भाजलेली दोरीची शिडी असले कादंबऱ्यांतले खेळ सुरू करतो. ही प्रकरणं गाळू नका. ती कुठे दुखतात ते शोधायला सांगा. जिम जिथे जिथे नको म्हणतो, तिथे समासात रेघ मारायची. अडतिसाव्या प्रकरणात धार लावायचा भला मोठा दगड ढकलायला दोन पोरांचं बळ पुरत नाही. म्हणून कैदी जिमच पलंगाचा पाय उचलून साखळी काढतो, बाहेर येतो, हकसोबत तो दगड ढकलत आत नेतो आणि पुन्हा कैदेत बसतो. तो कधीही निघून जाऊ शकत होता. तो का थांबला, यावर अर्धा तास सहज जातो.

चाळिसाव्या प्रकरणात पळताना टॉमला पायात गोळी लागते. जिम सुटलेला आहे, रात्र आहे, वाट मोकळी आहे. तो म्हणतो की डॉक्टर आल्याशिवाय इथून पाऊल हलवणार नाही, चाळीस वर्षं लागली तरी. फळ्यावरचा आकडा पुन्हा. गुलाम शोधणाऱ्यांचे चाळीस डॉलर, जिमच्या विक्रीचे चाळीस डॉलर, जिमने स्वतःच्या तोंडून दिलेली चाळीस वर्षं. त्यानंतर हक म्हणतो की हा आतून गोराच आहे हे मला ठाऊक होतं. या वाक्यावरून गट भरभर पुढे जातात, जाऊ नका. पत्र फाडणाऱ्या मुलाकडे कौतुकासाठीसुद्धा दुसरा शब्द नाही.

डॉक्टर साक्ष देतो की या माणसाने स्वतःचं स्वातंत्र्य पणाला लावून मदत केली. लोक खूश होतात आणि यापुढे शिव्या देणार नाही म्हणतात. साखळ्या मात्र तशाच राहतात. मग कळतं की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली, मृत्युपत्रात तिने जिमला मोकळं केलं होतं, आणि टॉमला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. चांगला कैदी झाल्याबद्दल तो जिमला पैसे देतो. किती, ते कुणीही न वाचता सांगू शकेल.

शेवटचा प्रश्न वादासाठी. नवव्या प्रकरणात पुरात वाहत आलेल्या घरात एक प्रेत होतं, आणि जिमने हकला त्याचा चेहरा पाहू दिला नव्हता. शेवटच्या प्रकरणात तो सांगतो की तो हकचा बाप होता. जिमने ही गोष्ट हकला जपण्यासाठी लपवली, की बाप मेल्याचं कळलं तर हक घरी परतेल आणि आपण एकटे पडू म्हणून? दोन गट करा आणि दोघांनाही पुस्तकातलाच पुरावा द्यायला लावा. एकमत झालं नाही तरी चालेल. वह्या कुणी परत मागू नयेत, ज्याच्या त्याच्याकडे राहू द्याव्यात.